बिनविरोधाचे तोरण

दिवाळीच्या अंकात निवडणुकीचे नाव काढले की घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. वर्षभर तेच ऐकायचे, वर्तमानपत्रात तेच वाचायचे, आणि आता चकलीचा तुकडा मोडता मोडताही तेच? मंडळींचा राग रास्त आहे. पण आज ज्या प्रकाराबद्दल मला भांडायचे आहे, तो निवडणूक होण्याचा नव्हे, ती न होण्याचा आहे. शिवाय त्याची गाठ थेट आपल्या उंबरठ्याशी आहे. दाराशी तुंबलेले गटार, कोपऱ्यावरचा महिनोन् महिने न लागणारा दिवा आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे नळाला पाणी येईल की नाही ही घरच्या बाईची चिंता, या तिन्हींचा धनी ज्या घरात बसतो त्या पालिकेविषयी, नगरपंचायतीविषयी हे बोलणे आहे. तेव्हा फराळाचे ताट बाजूला न सारता, खाता खाताच ऐकावे.

'बिनविरोध' हा शब्द आपल्याकडे फार सोवळा होऊन बसला आहे. 'अमुक गावची ग्रामपंचायत बिनविरोध' अशी बातमी आली की वाचणारा समाधानाने मान डोलावतो. गावात एकी आहे, माणसे समजूतदार आहेत, खर्च वाचला, डोकी फुटली नाहीत, असे पाच-सहा गुण तो शब्द उच्चारताच आपण त्या गावाच्या पदरात टाकून मोकळे होतो. चौकात फलक लागतो. त्यावर निवडून आलेल्यांची छायाचित्रे असतात आणि खाली 'मोठ्या मनाने माघार घेतल्याबद्दल' कोणाकोणाचे जाहीर आभार मानलेले असतात. गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याचे मत होते, त्याला कोणी काही विचारलेच नाही. त्याच्या घरातली वस्तू गेली आणि वर त्याच्याच हातावर पेढा ठेवला गेला. पेढा गोड असल्यामुळे तोही तक्रार करत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. जिथे हजारो प्रौढ माणसे राहतात, तिथे एकाही माणसाने मत न देता पाच वर्षांचा कारभार कोणाच्या तरी हाती जाणे ही अभिमानाची गोष्ट नाही, लाजेची आहे. आणि हे आम्ही खानदेशातल्या माणसांनी सर्वांच्या आधी म्हटले पाहिजे, कारण हे तोरण अलीकडे आमच्याच दारांवर सर्वांत दाट लागले.

थोडी उजळणी करू. राज्यातल्या कित्येक नगरपरिषदांची, महापालिकांची आणि जिल्हा परिषदांची मुदत २०२१ नंतर एकेक करून संपत गेली आणि निवडणुका मात्र लांबत गेल्या. कधी आरक्षणाचा वाद, कधी प्रभागरचनेचा. आमच्या जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, जळगाव महापालिकेची सप्टेंबर २०२३ मध्ये आणि धुळे महापालिकेची त्याच वर्षाच्या अखेरीस. या सर्व ठिकाणी प्रशासक बसले. प्रशासक हा माणूस वाईट असतो असे नाही, पण तो आपल्या दारी मत मागायला आलेला नसतो, म्हणून आपल्या दारच्या चिखलाशी त्याची ओळख नसते. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, आणि २ डिसेंबर २०२५ ही नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या मतदानाची तारीख ठरली. इतक्या प्रतीक्षेनंतर मतदाराने बोटाला शाई लावायची, एवढेच उरले होते.

आणि मग काय झाले? धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेत नगराध्यक्ष आणि २६ च्या २६ नगरसेवक बिनविरोध निवडून आले. नगराध्यक्षपदी आलेल्या नयनकुवर रावल या राज्याचे मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री. आमच्या बोदवडच्या शेजारच्या जामनेरला नगराध्यक्षपद बिनविरोध गेले. तिथे साधना महाजन निवडून आल्या, त्या मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी. दोंडाईचासारख्या भरल्या बाजारपेठेच्या गावात २ डिसेंबरला मतदान केंद्रच उघडले नाही. मिरचीच्या वखारीतला हमाल, शाळेतला मास्तर, पहिल्यांदा यादीत नाव आलेली कॉलेजातली मुलगी, कोणालाच त्या दिवशी घराबाहेर पडण्याचे कारण राहिले नाही. पुढे १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकांच्या निवडणुका झाल्या, त्यातही राज्यभर साठाहून अधिक जागा मतदानापूर्वीच निकालात निघाल्या, आणि त्यांत जळगाव आणि धुळे ही आमची दोन्ही शहरे होती. हा आकडा पाहून खुद्द राज्य निवडणूक आयोगाला अहवाल मागवावेसे वाटले. आयोगाला जी शंका आली, ती पेढे खाणाऱ्यांना आली नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. वर ज्यांची नावे आली, त्यांनी कायदा मोडला असा माझा आरोप नाही. सगळे नियमाने झाले असेच मी धरून चालतो. माझे भांडण त्या नियमाशी आणि त्या नियमाला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या मनाशी आहे. मंत्र्यांच्या घरची माणसे निवडणुकीला उभी राहू नयेत, असेही कोणी म्हणणार नाही. खुशाल उभी राहावीत, आणि लोकांनी त्यांना भरभरून मते द्यावीत. ज्याच्या मागे लोक आहेत, त्याला मतपेटीचे भय कशाला? ज्या पैलवानाची छाती रुंद आहे, त्याने आखाड्यात उतरून कुस्ती मारावी. समोरचे पैलवान घरीच राहिले म्हणून मिळालेल्या गदेला जत्रेतही कोणी मान देत नाही. मग पालिकेतच का द्यावा?

अर्ज मरतो कसा, हे वाचकांपैकी ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याला दोन मृत्यू आहेत. पहिला छाननीच्या दिवशी. सूचकाची सही राहिली, थकबाकी नसल्याचा दाखला अपुरा पडला, एखादा रकाना कोरा राहिला, की अर्ज बाद. ज्याच्या पाठीशी वकील आणि पक्षाचे कार्यालय आहे, त्याचे कागद सहसा पुरे असतात. जो एकटा आहे, त्याचा एखादा कागद हटकून कमी पडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत २०२५ मध्ये सर्व १७ नगरसेवक बिनविरोध आले. नगराध्यक्षपदासाठी एका बाईंना पोलिस बंदोबस्तात येऊन अर्ज भरावा लागला, आणि तो सूचकाच्या सहीअभावी छाननीत बाद झाला. अर्ज भरायला पोलिसांची सोबत लागते, त्या गावातल्या एकीचे गोडवे कोणत्या तोंडाने गायचे?

दुसरा मृत्यू माघारीच्या दिवशी होतो आणि तो अधिक सभ्य असतो. सकाळी मामा येतात. 'कशाला नसत्या भानगडीत पडतोस भाऊ' म्हणतात. दुपारी सोसायटीतल्या कर्जाची कोणीतरी सहज आठवण काढतो. रखडलेले बिल, पोराची नोकरी, बहिणीच्या गावचा एक प्रश्न, असे धागे एकेक करून ओढले जातात. पुढच्या वेळी तुझाच नंबर, असे आश्वासन मिळते. धमकी कोणी देत नाही, कोणी आवाजही चढवत नाही. वेळ संपायच्या आत उमेदवार कचेरीत जाऊन माघारीच्या कागदावर सही करतो, आणि संध्याकाळी त्याचे छायाचित्र 'मोठे मन' या मथळ्याखाली फलकावर लागते. पुढच्या वेळी त्याचा नंबर लागतो की नाही, ते पुढच्या वेळी फलक लावणाऱ्यांनाच ठाऊक.

कधी कधी सभ्यपणाचाही बुरखा गळून पडतो. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावी आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी गावी सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. उमराण्याची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, खोंडामळीची ४२ लाखांवर. पैसे गावच्या देवळासाठी, म्हणून कोणाला त्यात पाप दिसले नाही. राज्य निवडणूक आयोगाला ते दिसले आणि त्याने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा कांदा निदान शेतकऱ्याच्या मालकीचा तरी असतो. इथे ज्या मालाची बोली लागली, तो होता सबंध गावाच्या मताचा. बोली लावणारे मूठभर, घंटा वाजवणारे मूठभर, आणि माल मात्र त्या म्हातारीचाही, जिला पारावर कोणी बोलावले नव्हते. लाखो रुपये मोजून जो सरपंच होईल, तो देवळाच्या कळसाकडे पाहून समाधान मानील, की रस्त्याच्या अंदाजपत्रकाकडे पाहील, हे समजायला फार हिशेब येण्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडणारी माणसे लबाड नाहीत, आपल्यातलीच आहेत. त्यांचे तीन मुद्दे असतात.

पहिला, वितुष्टाचा. निवडणुकीने भाऊबंदकी पेटते, सख्खे भाऊ बोलेनासे होतात, गाव दोन पारांवर बसू लागते. हे मी नाकारत नाही. पण वितुष्ट मताने येत नाही. ते निकालानंतरच्या वागणुकीने येते. निवडून आलेला पुढारी हरलेल्या आळीचा दिवा लावत नाही, तिची नळजोडणी अडवतो, तिच्या वाटेचा रस्ता नकाशातच राहू देतो, म्हणून माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी होतात. रोग तिथे आहे, औषधही तिथेच लागू केले पाहिजे. आणि बिनविरोध झाले म्हणजे वैर जाते, हा तरी कोणाचा अनुभव? ज्याचा अर्ज मामाच्या हाताने मागे घेतला गेला, त्याच्या पोटातला निखारा पाच वर्षे धुमसत राहतो. मतपेटीत पडला असता, तर त्याच दिवशी विझला असता.

दुसरा मुद्दा खर्चाचा. सरकारचा पैसा वाचतो म्हणे. मतदान यंत्रे, कर्मचाऱ्यांचा भत्ता आणि शाई यांचा खर्च जरूर वाचतो. पण घरात लग्न काढून वऱ्हाडाला न बोलावण्याची काटकसर कोणी करीत नाही. ज्या कार्याला चार माणसे बोलवावीच लागतात, त्यात ती न बोलावता वाचवलेला पैसा ही बचत नव्हे. आणि काही आमदार बिनविरोध ग्रामपंचायतीला २५ लाखांचा निधी देऊ असे जाहीर करतात, तो निधी कोठून येतो? तो आपल्याच करांतून आलेला असतो. गावाने न भांडण्याची लाच गावालाच त्याच्या पैशातून द्यावयाची, असा हा व्यवहार आहे. निधी गरजेप्रमाणे वाटायचा असतो. ज्या गावाला पाण्याची टाकी हवी, त्या गावात दोन पॅनल उभे राहिले म्हणून ती टाकी कमी हवी होत नाही.

तिसरा मुद्दा परंपरेचा, आणि तोच सर्वांत जड आहे. विनोबांचे नाव इथे हमखास घेतले जाते. विनोबांनी ग्रामदानाच्या गावांत सर्वसंमतीने निर्णय घ्यावेत असे सांगितले, हे खरे. ते आम्हां खानदेशी माणसांना परके नाहीत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पण सर्वसंमती आणि बिनविरोध यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. सर्वसंमतीसाठी आधी सर्वांना बोलवावे लागते, शेवटच्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि त्याचे समाधान होईपर्यंत थांबावे लागते. ते फार वेळखाऊ, फार घाम काढणारे काम आहे. बिनविरोधाला एवढा वेळ लागत नाही. एका दिवाणखान्यात पाच-सात माणसे बसतात, चहा होतो आणि यादी बाहेर येते. विनोबांचे नाव त्या चहाच्या कपाला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हिवरे बाजारचेही उदाहरण देतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाचे काम पोपटराव पवारांनी १९८९ पासून उभे केले. पाणी अडवले, गाव तारले, ते देशाने पाहिले. तिथे तीस वर्षे निवडणूक झाली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये विरोधात माणसे उभी राहिली आणि मतदान झाले. आकाश कोसळले का? पवारांच्या पॅनलने सातच्या सात जागा जिंकल्या. त्या निवडणुकीने त्यांचा मान उणावला नाही. तीस वर्षांच्या कामाला गावाने आपल्या हाताने पावती दिली. काम असेल तर मतदान हा सन्मान होतो. ज्याच्यापाशी काम नाही, त्यालाच त्याची धास्ती वाटावी.

आपण हे विसरलो आहो की पालिका ही नुसती गटारे काढण्यासाठी निघालेली संस्था नव्हे. लॉर्ड रिपनने मे १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. कारभार सुधारेल एवढ्यावरच त्याने भर दिला नव्हता. लोकांचे राजकीय शिक्षण होईल हा त्याचा मोठा युक्तिवाद होता. म्हणजे पालिका ही शाळा. त्या शाळेत पहिला धडा आपल्याकडे कोणी गिरवला? जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहराच्या शोभेसाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव १८८० मध्ये आला. बत्तीस सदस्यांच्या त्या सभागृहात विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. एकतीस माणसे बिनविरोधाच्या बाजूची होती, पण आज त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. सरकारने नेमलेल्या सभागृहातही एक 'नाही' उमटू शकला, आणि आपण स्वतंत्र देशात, स्वतःच निवडायच्या सभागृहात, तो 'नाही' दारातच अडवून त्याचे पेढे वाटतो.

ज्या इंग्लंडातून ही पद्धत आपल्याकडे आली, तिथली स्थिती सर्वस्वी आदर्श आहे असे नाही. तिथल्या खेड्यांतल्या छोट्या पंचायतींत उमेदवार मिळत नाहीत म्हणून कित्येक जागा मतदानावाचून भरतात, आणि कायदाही तसाच आहे. पण मोठ्या शहरांच्या नगरमंडळांत पक्षांची एक रीत आहे ती शिकण्यासारखी आहे. जिथे जिंकण्याची तिळमात्र आशा नाही, त्या प्रभागातही पक्ष कोणाचे तरी नाव देतो. त्याला 'कागदी उमेदवार' म्हणतात. तो फारसा फिरत नाही, हरणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरी मतदाराला समोर दुसरे नाव दिसले पाहिजे, एवढ्यासाठी तो उभा राहतो. नगरमंडळाच्या उमेदवाराला तिथे अनामत रक्कमही भरावी लागत नाही. आपले कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ अशी तेरा वर्षे लंडनच्या सेंट पँक्रस विभागाचे नगरसेवक होते. दूर देशातून आलेला, काळ्या कातडीचा, राज्यकर्त्यांच्या साम्राज्याविरुद्ध रोज बोलणारा माणूस तिथल्या मतदारांपुढे जाऊन मते मागू शकला आणि त्यांनी ती दिली. आमच्याकडे मात्र शेजारच्या आळीतल्या माणसाने अर्ज भरला की त्याला कोणाचा माणूस म्हणून आधी शोधतात आणि मग समजावतात.

या समजावणीचा सर्वांत मोठा घाव बसतो तो घरातल्या स्त्रियांवर. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. त्यामागची कल्पना अशी की पाणी, गटार, शौचालय आणि अंगणवाडी यांचा कारभार ज्या रोज सोसतात, त्यांनी तो चालवावा. मतदान होते, तेव्हा उमेदवार बाईला निदान दारोदार जावे लागते. पदर खोचून ती चार गल्ल्या फिरते, लोकांच्या तक्रारी ऐकते, एखाद्या सभेत दोन वाक्ये बोलते, आणि महिन्याभरात तिचा आवाज तिला सापडतो. पुढे नवऱ्याने कितीही कारभार हाकला, तरी सापडलेला आवाज पुन्हा हरवत नाही. बिनविरोध निवडीत हा महिनाच गळतो. दिवाणखान्यातले पुरुष नाव ठरवतात, बाई घरातून थेट सभागृहात जाते आणि तिथे नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. तिची चूक काही नाही. तिला कोणी रस्त्यावर चालूच दिले नाही.

आता आमच्या बोदवडकडे वळतो. ग्रामपंचायतीची इथे नगरपंचायत झाली, १७ प्रभाग झाले. मागची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये दोन हप्त्यांत झाली, कारण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला होता. १९ जानेवारी २०२२ रोजी मोजणी झाली. ती निवडणूक देखणी होती असे कोणी म्हणणार नाही. पक्षांची रस्सीखेच झाली, मोठ्या पुढाऱ्यांनी आपली जिल्ह्यातली भांडणे आमच्या गल्लीत आणून मांडली, कर्णे किंचाळले. पण त्या महिन्याभरात प्रत्येक प्रभागात दोन-चार माणसे दारी आली आणि नळाला किती दिवसांनी पाणी येते हे त्यांना आमच्या तोंडून ऐकावे लागले. उन्हाळ्यात पाण्यासाठी तिष्ठणाऱ्या या गावाला एवढे ऐकून घेणेही पाच वर्षांतून एकदाच मिळते. त्या सभागृहाची पाच वर्षे २०२७ च्या आरंभी भरतात. आसपासची दोन तोरणे पाहून उद्या कोणी शहाणा म्हणेल, 'आपणही बिनविरोध करू, बोदवडचे नाव होईल.' त्याला ओळखून ठेवावे. नाव बोदवडचे होणार नाही. ते त्या दिवाणखान्याचे होईल. बोदवडचे राहील ते पाणी.

मग करावे काय? पहिली मागणी कायद्याची. एकच उमेदवार उरला तरी मतदान घ्यावे. यंत्रावर त्याचे नाव असेल आणि खाली 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे 'नोटा'चे बटण असेल. हे काही आकाशातून आणलेले खूळ नव्हे. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच ठरवले की नागरी संस्थांच्या निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली, तर कोणालाही विजयी न ठरवता त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. म्हणजे 'नोटा' हा आपल्याकडे जणू एक उमेदवारच झाला. पण हा उमेदवार उभा असताना निवड बिनविरोध कशी होते, याचे उत्तर कोणी देत नाही. त्याने तर माघारीच्या कागदावर सही केलेली नसते. लोकसभा-विधानसभांच्या बिनविरोध निवडीचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा एकट्या उमेदवारालाही काही किमान मते मिळण्याची अट असावी का, याचा विचार करावा, असे न्यायालयानेच केंद्र सरकारला सुचवले. जो विचार दिल्लीच्या सभागृहासाठी योग्य, तो बोदवडच्या सतरा खुर्च्यांसाठी अधिकच योग्य आहे. दिल्ली दूर आहे. नगरपंचायत घराच्या मोरीला लागून आहे.

पण कायदा बदलेपर्यंत वाट पाहत बसणे हेही एका तऱ्हेचे माघार घेणेच झाले. दुसरी मागणी म्हणून घरोघरच्या मंडळींकडे आहे, आणि ती फार लहान आहे. आपल्या आळीत कोणी अर्ज भरला, तर तो आपल्या जातीचा नाही, आपल्या पक्षाचा नाही, म्हणून त्याला वाऱ्यावर सोडू नका. त्याला मत द्या असे मी म्हणत नाही. त्याला उभा राहू द्या, एवढेच म्हणतो. सूचक म्हणून सही हवी असेल तर करा. कागद तपासून देणारा कोणी शिकलेला पोरगा घरात असेल, तर त्याला पाठवा. आणि माघारीच्या दिवशी, मामा येण्याच्या आधी, तुम्ही त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. चार शेजारी ओसरीवर दिसले की फार थोडे मामा आत येतात.

आणि गावात बिनविरोधाचे पेढे आलेच, तर आणणाऱ्याला घरात बसवून, पाणी देऊन, शांतपणे एकच विचारावे: 'दादा, आमचे मत कोणाला पडले?' तो हसेल, विषय बदलेल, दिवाळीच्या शुभेच्छा देईल. पेढा त्याच्या हातात तसाच परत द्यावा.